स्थलांतराचा दाखला आणि मिलिंदाचा रथ

जून सरत आला की आमच्या शहरात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी दाखल्याची. पावसाविषयी निदान वेधशाळा काही ना काही सांगत असते. खरे ठरो वा न ठरो, दररोज सकाळी काहीतरी कळते. दाखल्याविषयी कोणीच काही सांगत नाही. प्रस्तुत लेखकाने आयुष्याची एकतीस वर्षे एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काढली आहेत. खिडकीच्या आतल्या बाजूस बसून बाहेरची रांग पाहण्याची त्याला सवय होती. यंदा प्रथमच तो खिडकीच्या बाहेर उभा आहे, आणि तोही दुसऱ्याच्या मुलीसाठी.

आमच्या शेजारच्या घरातील ही मुलगी. वडील सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. मुलीने येथील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन बी. ए.चे पहिले वर्ष उत्तम गुणांनी पुरे केले आणि मध्येच तिच्या मनाने घेतले, की आपल्याला तत्त्वज्ञान शिकावयाचे आहे. तिच्या महाविद्यालयात तो विषय नाही. पुण्यातील एका महाविद्यालयात आहे. दुसऱ्या वर्षात जागा रिकामी झाल्यास विचार करू, अर्ज करून ठेवा, असे तिला सांगण्यात आले. तिने अर्ज केला. त्यास आता चाळीस दिवस झाले. या चाळीस दिवसांत संगणकाच्या पडद्यावर तिच्या नावापुढे एकच शब्द आहे: 'विचाराधीन'. तत्त्वज्ञान शिकू पाहणाऱ्या मुलीचा अर्ज विचाराधीन असावा, यात थोडा विनोद आहे खरा. परंतु तो त्या घरात कोणाला सुचत नाही.

अडचण काय आहे ती नीट समजून घेतली पाहिजे. येथील महाविद्यालय म्हणते, दुसऱ्या वर्षाचे शुल्क ठरलेल्या तारखेच्या आत भरा, अन्यथा तुमची जागा गेली असे समजा. तिथले महाविद्यालय म्हणते, प्रवेश निश्चित करावयाचा तर आधीच्या महाविद्यालयाचा दाखला आणि विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र मूळ प्रतीत सादर करा. दाखला काढला तर येथील पाय सुटला. न काढला तर तिथे पाय ठेवता येत नाही. नदीच्या दोन्ही तीरांवरील माणसे आपापल्या नियमाप्रमाणे बरोबरच बोलत आहेत. प्रवाहात उभा आहे तो मात्र विद्यार्थी.

मुलीचे वडील एके संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "काका, तुम्ही तरी सांगा हिला. चांगलं अर्थशास्त्र चाललंय. बँकेच्या परीक्षा देता येतील. हे तत्त्वज्ञान शिकून पुढं काय?" मुलगी दारातच उभी होती. ती म्हणाली, "काका, अर्थशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात माणूस विवेकी असतो असं धरून चालतात. ते कुणी ठरवलं आणि कशावरून, असं मी विचारलं, तर सर म्हणाले, हा आपला विषय नाही. मग ज्याचा तो विषय आहे, तिथं मला जायचंय." लिपिकाच्या घरातील मुलीने याहून सरळ कारण कोणते द्यावे? वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हते, हेही खरेच.

आपल्याकडे एका विद्यापीठातून दुसरीकडे जाणे म्हणजे एका राज्याची हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात शिरण्यासारखे आहे. मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी स्थापन झाले. 14 जानेवारी 1994 रोजी त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे निघाले. तेव्हापासून परभणीच्या मुलाला जालन्यात शिकावयाचे झाले, तरी तो 'बाहेरच्या विद्यापीठाचा' ठरतो. रेल्वेने दोन-तीन तासांचे अंतर. कागदोपत्री मात्र परमुलुख. आता नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 साली सांगितले, की विद्यार्थ्याला विषय आणि संस्था बदलण्याची मोकळीक हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये श्रेयांकांच्या बँकेचे विनियम काढले. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक खात्यावर जमा व्हावेत, सात वर्षांपर्यंत ते वापरता यावेत, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण बँकेत पैसे असून चालत नाही. समोरच्या दुकानदाराने ते घेतले पाहिजेत. तो घेणार की नाही, हे तो केव्हा सांगणार, याबद्दल विनियमांचा विद्यार्थ्याला आज तरी उपयोग होताना दिसत नाही.

वास्तविक या भूमीला दाखल्याची वाट पाहणे नवीन नाही. येथून पैठण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने संन्याशाच्या चार मुलांना सांगितले, की पैठणहून शुद्धिपत्र आणा, मग तुम्हाला समाजात घेण्याचा विचार करू, अशी परंपरागत कथा आहे. ती चार भावंडे पायी पैठणला आली. रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कथेतील चमत्कार बाजूला ठेवून पाहिले, तर उरते ते एवढेच, की एका ठिकाणच्या पंडितांनी निर्णय दुसऱ्या ठिकाणच्या पंडितांवर ढकलला आणि मुलांना वाटेला लावले. पुढे नेवाशास शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी झाली. मराठीतील तत्त्वचिंतनाचा तो ग्रंथ अशा मुलाच्या हातून झाला, की ज्याच्याजवळ आधी दाखला नव्हता.

परंतु आजच्या विषयाला अगदी लागून असलेले उदाहरण ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे आणि याच शहरातील आहे. त्याची आठवण आमच्या विद्यार्थ्यांना फारशी करून दिली जात नाही. मराठवाडा तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे विद्यापीठ एकच, 1918 साली निघालेले उस्मानिया. शिक्षणाचे माध्यम उर्दू. औरंगाबादला 1923 पासून इंटरमिजिएट कॉलेज होते. मौलवी अब्दुल हक यांच्यासारख्या विद्वानाने तेथे प्राचार्य म्हणून काम केले होते. मराठवाड्यातील मुलगा येथे इंटर होई आणि पदवीसाठी हैदराबादेस जाई. दुसरी वाट संस्थानात नव्हती.

नोव्हेंबर 1938 मध्ये या कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्यास आरंभ केला. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. महिनाअखेर हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहातही तेच घडले आणि पाहता पाहता संप संस्थानभर पसरला. शेकडो विद्यार्थ्यांची नावे काढून टाकण्यात आली. क्षमा मागून परत येण्याची वाट मोकळी होती. अनेकांनी ती घेतली नाही. आज आपण या प्रसंगाकडे राष्ट्रीय चळवळीतील एक पर्व म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. वर्ष अर्धे संपलेले. ज्या विद्यापीठाचे आपण विद्यार्थी, त्यानेच काढून टाकलेले. संस्थानात दुसरे विद्यापीठ नाही. बाहेरच्या विद्यापीठाकडे जावे, तर शिकलो ते उर्दूतून, तिथे शिकवितात ते इंग्रजीतून. आणि दाखला? जो हाकलून देतो त्याच्याकडून 'आमची हरकत नाही' असे पत्र कसे आणणार?

नागपूर विद्यापीठाने त्यांना घेतले. कुलगुरू होते टी. जे. केदार. मध्यप्रांत-वऱ्हाडातील महाविद्यालयांतून या मुलांची सोय लागली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव याच विद्यार्थ्यांत घेतले जाते. कायद्याची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठाची मिळविली. नागपूरने तेव्हा नियमांचे पुस्तक मिटून ठेवले होते असे नव्हे. विद्यापीठ म्हटले की नियम आलेच. पण नियम कशासाठी आहेत, याचे भान कुलगुरूच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला होते, आणि मुख्य म्हणजे निर्णय द्यावयाचा तो मुलांचे वर्ष हातचे जाण्यापूर्वी द्यावयाचा, हे त्याला कळत होते. आज संगणक आहे, खाते आहे, श्रेयांक आहेत. कोणीही विद्यार्थी कोणाशी भांडलेला नाही. तरी एका मुलीला चाळीस दिवसांत होय की नाही हे सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1917 मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. ते 1920 मध्ये परत गेले आणि 1923 मध्ये डी. एस्सी. झाले. चार वर्षे ही मुदत मोठी नव्हे. पण ती मुदत होती. माणूस तिच्या आधाराने नोकरी करू शकला, पैसे साठवू शकला. 'कळवू' या शब्दाच्या आधाराने कोणालाही काहीच करता येत नाही.

आता मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळावयास हवे, कारण तो टाळण्याजोगा नाही. तत्त्वज्ञान शिकून पुढे काय? या प्रश्नावर काही मंडळी लगेच 'ज्ञानासाठी ज्ञान' वगैरे बोलू लागतात. ज्यांचे निवृत्तिवेतन सुरू झाले आहे, त्यांनी असे बोलणे सोपे असते. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर या विषयाच्या प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत आणि त्या वाढताना दिसत नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा एक वैकल्पिक विषय आहे, म्हणून काही मुले तो घेतात. ते घेणे म्हणजे शिकणे नव्हे. आमच्या राज्यात अकरावी-बारावीला कला शाखेत तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय आहेत. पण किती गावांतील मुलाला ते खरोखर घेता येतात? शिक्षकच नाही, तेथे पाठ्यपुस्तक काय करील?

आणि तरीही हा प्रांत या विषयाला अगदी परका होता असे नाही. उस्मानिया विद्यापीठाने 1917 मध्येच भाषांतराचे खाते काढले आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानासह अनेक शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणली. मराठवाड्यातील मुलाला त्या काळी तत्त्वज्ञान शिकता येई, पण मराठीत नव्हे. मराठीचे काम इतरत्र झाले. अमळनेरला 1916 साली प्रतापशेठजींच्या औदार्यातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ काही काळ तेथे संचालक होता, आणि खानदेशातील त्या गावी साने गुरुजी आले ते तत्त्वज्ञानाच्या अध्ययनासाठीच. शाळामास्तर ते नंतर झाले. दे. द. वाडेकर यांनी संपादिलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' 1974 मध्ये निघाला. सुरेंद्र बारलिंगे, मे. पुं. रेगे, दि. य. देशपांडे या मंडळींनी मराठीत काटेकोरपणे विचार करता येतो, हे दाखवून दिले. रेग्यांनी 'नवभारत' आणि देशपांड्यांनी 'आजचा सुधारक' चालविला, तो काही पदवीधरांच्या नोकऱ्यांसाठी नव्हे. आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर मराठीचे प्राध्यापक. पण भरताच्या नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत कोणत्याही ग्रंथाला 'कशावरून?' हा प्रश्न विचारण्याचे त्यांचे धैर्य ज्यांनी ऐकले, त्यांना तत्त्वज्ञान म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागले नाही. 10 फेब्रुवारी 1982 रोजी याच शहरात व्यासपीठावर बोलण्यास उभे असताना त्यांचा अंत झाला. त्यांच्या सभांना शिक्षक आणि कारकून येत. तासन् तास उभे राहून ऐकत. त्यांनाही पोट होतेच.

मी मुलीच्या वडिलांना एवढेच म्हणालो, की चौकशी करायची तर पगाराची करा, पण विषयाला नाव ठेवू नका. आणि हे सांगावयाचे ठिकाण या शहराइतके दुसरे कोणते असेल? कारण या शहरातील एका महाविद्यालयाचे नावच एका तात्त्विक वादावरून पडले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये येथे महाविद्यालय काढले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्याला बाबासाहेबांनी नाव दिले मिलिंद महाविद्यालय, आणि परिसर झाला नागसेनवन. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या जोडीला तत्त्वज्ञानाचे पाच अभ्यासक्रम घेतलेल्या, जॉन ड्यूईंच्या वर्गात बसलेल्या माणसाने ते निवडले होते. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. वादात त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. नागसेन या भिक्षूने त्याला उत्तरे दिली आणि राजाने ती मान्य केली. बलवान माणसाने युक्तिवादापुढे नमते घ्यावे, हे ज्या कथेत आहे ते नाव बाबासाहेबांनी मराठवाड्यातील गरीब मुलांच्या महाविद्यालयाला दिले. मराठवाड्याच्या इतिहासात मुलांना याहून मोठा ऐवज कोणी दिल्याचे मला ठाऊक नाही.

त्या पाली ग्रंथातील रथाचा दृष्टांत मुलीने वाचला होता. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास. मग रथ कोणता? आस म्हणजे रथ काय? चाके? जू? साटा? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सर्वांवाचून वेगळा रथ आहे काय? तोही नाही. ओट्यावर बसून आम्ही यावर दोन संध्याकाळ बोललो. मला त्यातला 'नाम हे केवळ व्यवहारासाठी' हा भाग पुरता उमगला असे मी म्हणणार नाही. पण कार्यालयात बसलेल्या माणसाला त्या दृष्टांताचा एक अर्थ लगेच लागतो. गुणपत्रिका म्हणजे विद्यार्थी काय? दाखला म्हणजे विद्यार्थी काय? पात्रता प्रमाणपत्र, शुल्काची पावती, छायाचित्र, स्वाक्षरी? राजाने प्रत्येक वेळी 'नाही' म्हटले. आम्ही कार्यालयातील माणसे मात्र प्रत्येक वेळी 'होय' म्हणत आलो. एक कागद कमी असला की विद्यार्थीच नाही, असे आम्ही गृहीत धरले. मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, "काका, नागसेन एवढ्यावर थांबत नाही. पण तुमच्या ऑफिससाठी एवढं पुरे."

हे आम्ही म्हणजे कोण, हेही सांगावयास हवे. 1987 सालची गोष्ट. अंबडकडील एका खेड्यातील मुलगा माझ्या टेबलापाशी आला. बी. ए. झाला होता. त्याला पुण्यास तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करावयाचे होते. महाविद्यालयाचा दाखला आणि विद्यापीठाकडे पाठविण्याचा स्थलांतराचा अर्ज, दोन्ही माझ्याकडे होते. ग्रंथालयाचे 'येणे बाकी नाही' हे पत्र त्याच्या अर्जास जोडलेले नव्हते. ग्रंथपाल रजेवर. मी त्यास पुढील आठवड्यात बोलाविले. तो आला, तेव्हा मी परीक्षेच्या कामात होतो. तिसऱ्यांदा आला तो पावसात भिजून आला होता, बसचे तिकीट त्याच्या हातात लगदा होऊन राहिले होते, आणि मी त्याला म्हणालो, "उद्या या." हे दोन शब्द मी त्या खुर्चीवरून किती वेळा उच्चारले असतील, याची मोजदाद नाही. त्यात मला दुष्टावा वाटत नसे. टेबलावर कागद होते, दिवस संपत आला होता, आणि 'उद्या' हा शब्द माझ्यासाठी खरोखरच उद्या होता. त्याच्यासाठी तो अंबडहून पुन्हा एक फेरी होता आणि पुण्याच्या प्रवेशाची शेवटची तारीख होती. हे मला त्या वेळी कळले नाही, कारण मी विचारलेच नाही.

तो चौथ्यांदा आला नाही. त्याचा दाखला तयार होऊन माझ्या खणात पडून राहिला. दोन वर्षांनी टेबल बदलले तेव्हा मी तो पाहिला. माझ्या हातची स्वाक्षरी, प्राचार्यांचा शिक्का, सर्व काही नियमाप्रमाणे.

म्हणूनच विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या चालकांकडे माझे मागणे अगदी थोडे आहे. प्रवेश द्या, असे मी म्हणत नाही. जागा नसेल, गुण कमी असतील, विषय जुळत नसतील, तर नाही म्हणा. पण ज्या दिवशी अर्ज घेता, त्याच दिवशी पावतीवर उत्तराची तारीख लिहा, आणि त्या तारखेस उत्तर द्या. 'नाही' म्हटलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी दुसरे काही करू लागतो. मूळ महाविद्यालयांनी, बदलीचा अर्ज प्रलंबित आहे अशा विद्यार्थ्याची जागा त्या तारखेपर्यंत राखून ठेवावी. याला नवे धोरण लागत नाही, नवा निधी लागत नाही. कार्यालयातील माणसाला हे एका परिपत्रकाने करता येते. मी त्या खुर्चीत बसलेला असल्याने हे मी खात्रीने सांगतो.

येत्या सोमवारी येथील शुल्काची मुदत संपते. मुलीच्या वडिलांनी बँकेतून पैसे काढून घरी आणून ठेवले आहेत. काल त्यांनी मला विचारले, की तो रथाचा दृष्टांत नेमका काय आहे, ही सारखी त्याविषयी बोलते. मी त्यांना आस, चाके, जू असे सांगत गेलो. ते लक्षपूर्वक ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे काका, सोमवारी पैसे इथं भरायचे का थांबायचं?"